देवळाच्या दारात मार खाऊन तृतीयपंथी माणूस आलं तर: देवस्थान, दिंडी, चर्च आणि दर्ग्याच्या कारभाऱ्यांसाठी

मार्गशीर्षातला मंगळवार होता. संध्याकाळची आरती आटोपून मी हिशेबाची वही उघडत होतो, तेवढ्यात कोठीघरात काहीतरी पडलं. जाऊन पाहतो तर तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला ती बसलेली. दर मंगळवारी बाजारात मागायला येणारी, देवीपुढे दहा रुपये ठेवल्याशिवाय पुढे न जाणारी. कपाळावरून लाल ओघळ आला होता. मला आधी वाटलं, मळवट फिसकटलाय. रक्त होतं.

बाहेर पंचवीस-तीस माणसं जमली होती. “साडी नेसून पोरं पळवायला आलाय,” एवढं एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी.

त्या रात्री आम्ही काय केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चुकांवरच उभं आहे. दार लावून घेतलं, एवढं बरं केलं. मग पोलिसांच्या आधी सरपंचांना फोन केला. बायकांनी दयेपोटी तिचं डोकं धुतलं, रक्ताची साडी बदलून दुसरी नेसवली आणि जुनी बादलीत भिजत टाकली. रात्री दहाला देवळाच्या ओसरीवर बैठक बसली. मारणाऱ्यांपैकी चौघांनी देवीपुढे नाक घासलं, औषधाला पाचशे रुपये काढले, “माझी काही तक्रार नाही” असा कागद झाला. तिने अंगठा उठवला, तोही डावा. एरवी सही करणारी बाई अंगठा का देते, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. उजवा हात मोडला होता. ते दुसऱ्या दिवशी मिरजेला एक्सरे काढल्यावर कळलं.

देवस्थानच्या माणसाला मिटवायची सवय असते. बांधाचं भांडण, भावकीतला अबोला, जत्रेतल्या मानाचा वाद, असलं सगळं ओसरीवर मिटतं आणि त्यातच आपली पत असते. तृतीयपंथी माणसाला झालेल्या मारहाणीत हीच सवय घातक ठरते. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असतील तर समेटाला अर्थ. इथे एका बाजूला अख्खा बाजार आणि दुसऱ्या बाजूला एकटं माणूस, ज्याला पुढच्या मंगळवारी त्याच बाजारात पोट भरायला यायचंय. म्हणून आमच्या कमिटीत आता एकच सूत्र आहे: मिटवायचं नाही, नोंदवायचं.

बोलायचं कसं

शब्दांवर फार खल करू नका. तृतीयपंथी हा शब्द सरकारी कागदावर चालतो. किन्नर, हिजडा हे समाजातले लोक स्वतःसाठी वापरतात, म्हणून आपण ते तोंडावर वापरावेत असं नाही. आमच्या भागात यल्लमाचे जोगते आहेत; त्यांतल्या प्रत्येकाला तृतीयपंथी म्हटलेलं चालेलच असं नाही. मुलगी म्हणून जन्म नोंदवलेले पण पुरुष म्हणून जगणारेही असतात. ते बाजारात मागायला येत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. तर विचारायचं: “तुम्हाला काय म्हणू?” ताई सांगितलं तर ताई, दादा सांगितलं तर दादा.

वारकऱ्यांचं यात बरं आहे. दिंडीत बाई असो, बुवा असो, चहावाला असो की बंदोबस्ताचा हवालदार, सगळ्यांना एकच हाक: माऊली. सोय आयती आहे, फक्त ती सगळ्यांना लागू करायची.

पहिला तास

जमाव दाराशी असेल तर दोन माणसं नेमा. एकाने जखमीपाशी बसायचं, तिथून हलायचं नाही. दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. बाहेर शक्यतो पुजारी, फादर, मौलाना किंवा सर्वांत वयस्क विश्वस्त असावेत. त्यांनी वाद घालू नये. “ती चोर नाही, मी तिला ओळखतो” असं म्हणायला गेलं की जमाव उलटतपासणी घेतो आणि तुम्ही आरोपीचे वकील होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं, आणि माइकवरून: “पोलिसांना फोन केलाय, ते येईपर्यंत आत कुणी येणार नाही.” देवळाचा भोंगा आपण एरवी नको तितका वापरतो, इथे तो खरा कामी येतो. ओट्यावर दिवे लावा. चेहरे उजेडात आले की निम्मे लोक मागे सरकतात.

फोन ११२ ला. सरपंच, पोलीसपाटील, आमदारांचा माणूस, सगळे नंतर. फोन करणाऱ्याने आपलं नाव, ठिकाण, माणूस जखमी आहे हे आणि जमाव अंदाजे किती, एवढं सांगावं आणि वेळ लिहून ठेवावी. ही वेळ पुढे फार उपयोगी पडते.

पोरं पळवण्याच्या अफवेला हलकं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तेही भिक्षेकरीच होते. त्याच्या थोडं आधी, मे २०१८ मध्ये, हैदराबादेत एका तृतीयपंथी महिलेचा असाच जीव गेला. परकं माणूस, अंगावर वेगळा वेष आणि हातात मोबाईल घेतलेली गर्दी, एवढं पुरतं.

आता जखमेचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, जीव आधी. पण डोकं धुणं, अंघोळ, कपडे बदलणं हे दवाखान्याआधी नको. कपडे बदलावेच लागले तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून कुजतात. आणि बादलीत तर नाहीच. मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर मारणाऱ्यांचं करा. जखमी माणसाचा चेहरा गावच्या ग्रुपवर फिरवणं ही दुसरी मारहाण आहे. देवळात सीसीटीव्ही असेल तर त्याच रात्री ती फीत पेनड्राइव्हवर उतरवा. आमच्या यंत्रात पंधरा दिवसांनी जुनं पुसलं जातं, हे आम्हाला सोळाव्या दिवशी समजलं.

दवाखाना

तातडीच्या रुग्णाला पोलिसांचा कागद येईपर्यंत थांबवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट केलं आहे. तरी “आधी पोलीस केस करून या” हे वाक्य कानावर पडतंच. शांतपणे म्हणा: “मारहाण आहे, एमएलसी नोंदवा आणि उपचार सुरू करा.” एमएलसी म्हणजे डॉक्टरांनी मारहाणीची केस म्हणून केलेली नोंद. तिचा क्रमांक तुमच्या वहीत उतरवून घ्या. डॉक्टर एखादी जखम पाहून सोडून देत असतील तर तीही लिहायला सांगा. कोणत्या वॉर्डात ठेवायचं हे रुग्णाला विचारून ठरू द्या, आणि तपासणीच्या वेळी बघ्यांना बाहेर काढायचं काम तुमचं.

पैशाचा प्रश्न आला तर धर्मादाय रुग्णालय शोधा. महाराष्ट्रात ट्रस्टच्या नावावर नोंद असलेल्या अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तातडीच्या रुग्णाकडे आगाऊ रक्कम न मागता आधी त्याची प्रकृती स्थिर करायची, हेही त्या योजनेत आहे. तुमचा ट्रस्टही धर्मादाय आयुक्तांकडेच नोंदवलेला असतो. ट्रस्टच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या की काउंटरवरचा सूर बदलतो. अनुभव आहे.

पोलीस ठाणं: ‘एनसी’ची पायरी ओलांडायची

इथे जरा सावकाश जाऊ, कारण बहुतेक प्रकरणं याच टेबलावर विरतात.

“मला मारलं” एवढंच सांगितलं तर ती साधी दुखापत धरली जाते. साधी दुखापत अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत असा गुन्हा, म्हणून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून कागद हातात देतात आणि विषय संपतो. २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी कायदा झाला, त्याचं अठरावं कलम याच प्रसंगांसाठी आहे: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळ, सार्वजनिक जागी जायला अडवणं, घरातून किंवा गावातून हाकलणं. कायदा झाला तेव्हा शिक्षा ठेवली होती सहा महिने ते दोन वर्षं. दोन वर्षांची शिक्षा म्हणजे तोही गुन्हा सर्वसाधारण नियमाने अदखलपात्रच. संसदेत कलमं बदलत असतात, म्हणून जबाब लिहिण्याआधी त्या दिवशीचा मजकूर वकिलाकडून पाहून घ्या आणि हे कलम जबाबात नक्की लावायला सांगा. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

गुन्हा दखलपात्र होतो तो तपशिलाने. हात मोडला? ती गंभीर दुखापत. लोखंडी गज, कोयता वापरला? धोकादायक हत्यार. वाट अडवली, हात धरून ठेवला? तो अटकाव. पर्स, मोबाईल, कानातलं ओढून नेलं? मग चोरी-जबरी चोरी. पाच किंवा जास्त जणांनी मिळून मारलं? दंगलीचं कलम. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी कुणाची जात, लिंग, भाषा असल्या कारणावरून गंभीर दुखापत केली तर कलम ११७(४), आणि जीव घेतला तर १०३(२) अशी वेगळी तरतूद आहे. म्हणून ठाण्यात जाण्याआधी तिच्यासोबत अर्धा तास बसा आणि क्रमाने लिहून काढा: किती जण, कुणाच्या हातात काय, कुठे अडवलं, काय बोलले, काय नेलं. शिव्या आहेत तशा लिहा. ‘अपशब्द वापरले’ असं सोवळं वाक्य कोर्टात काही सांगत नाही.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवून घेतच नसतील तर तीच हकीकत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवायची, आणि तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकारी. एनसी झाली तरी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तपास होऊ शकतो. मोफत वकिलासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. त्यांचा फोन १५१००.

मार खाल्ल्याची तक्रार द्यायला तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र लागत नाही. नाव आधारवरचं घालायचं आणि त्यापुढे ‘ऊर्फ’ लावून ती ज्या नावाने जगते ते. ठाण्यात तिच्यासोबत दोघांनी जावं, त्यातली एक बाई असावी. तुम्ही बोलू नका. खुर्ची मिळवून द्या, पाणी द्या, लिहिलेला जबाब तिला वाचून दाखवायला सांगा. गळ्यात माळ किंवा क्रॉस असलेलं माणूस शेजारी नुसतं बसलं तरी टेबलापलीकडची भाषा सुधारते.

तिला तक्रारच नको असेल तर? मग ओढून न्यायचं नाही. कागद सगळे जपून ठेवायचे, चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. बहुतेकदा ‘नको’ याचा अर्थ असतो ‘पुढच्या मंगळवारी काय?’ त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं. आमच्याकडे तो प्रश्न पुढे एका दुसऱ्या प्रकरणात आला, तेव्हा चार मंगळवार दोन सेवेकरी तिच्याबरोबर बाजारातून फिरले. भाजी घेत, गप्पा मारत. पाचव्या मंगळवारी ती म्हणाली, “आता नका येऊ, तुमच्यामुळे कुणी पैसे देईना.”

ठराव करून ठेवा

प्रसंग आला की विश्वस्तांचे फोन वाजायला लागतात. मारणाऱ्यांत कुणाचा तरी भाचा असतो, कुणीतरी सभामंडपाच्या फरशीचा देणगीदार असतो. त्या क्षणी तत्त्वाची चर्चा होत नाही. म्हणून आधीच्या साध्या मासिक सभेत ठराव लिहून घ्या. आमच्या इतिवृत्तात तो असा आहे: “देवस्थानच्या आवारात, ओसरीवर किंवा देवस्थानच्या नावाने शारीरिक हिंसेच्या प्रकरणात समेटाची बैठक घेतली जाणार नाही. जखमी व्यक्तीस आश्रय, दवाखाना व पोलीस ठाण्यापर्यंत सोबत देणे हे सेवेकऱ्यांचे काम राहील. खर्च अन्नदान निधीतून न करता स्वतंत्र मदत निधीतून करावा.” शेवटचं वाक्य खजिनदारांनी घातलं, आणि बरोबर घातलं, नाहीतर वर्षअखेरीला लेखापरीक्षणात अडकतं. ठरावाआधी ट्रस्टच्या घटनेतली उद्दिष्टं वाचा. ‘गरजूंना मदत’ असं काही नसेल तर आधी तिथे दुरुस्ती.

कुणी म्हणेल, तेही लग्नात येऊन दांडगाई करतात, पैशासाठी अडून बसतात. करत असतील काही जण. तर ज्याच्याकडे दांडगाई झाली त्याने त्या माणसाविरुद्ध तक्रार द्यावी. दुकानदाराने वजनात मारलं म्हणून आपण सगळ्या वाण्यांना झोडपत नाही.

जातपंचायत घराला वाळीत टाकायच्या गोष्टी करत असेल, ‘असला’ मुलगा घरात ठेवला म्हणून, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. पंचांच्या कानावर हे आधीच घातलं तर बऱ्याचदा पंचायत बसतच नाही.

रात्र कुठे काढायची

विचारल्याशिवाय घरी फोन लावू नका. ज्या घरातून पळून आली तिथेच तुम्ही पत्ता द्याल. बऱ्याच जणींना गुरूचं घर असतं. गुरू-चेल्याचं नातं म्हणजे रेशनकार्डावर न दिसणारं कुटुंबच. पण कधीकधी मार तिथलाच असतो, म्हणून तेही तिलाच विचारायचं. केंद्राच्या स्माईल योजनेतून गरिमा गृहं, म्हणजे तृतीयपंथींसाठीची निवारागृहं, चालतात, पण ती मोजक्या शहरांत आहेत आणि रात्री अकराला दार उघडेल याची खात्री नाही. तेव्हा पहिल्या दोन रात्री भक्तनिवासातली खोली. वहीत नोंद इतरांसारखीच, भाडं माफ.

मूल अठराच्या आतलं असेल तर गोष्ट वेगळी. १०९८ ला फोन करा, बालकल्याण समितीपुढे न्या. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘मुलाचं नाव खराब होईल’ ही सबब चालत नाही.

आईबाप उपाय विचारायला येतात तेव्हा

हिंसा बाजारात दिसते, पण तिची सुरुवात घरात होते, आणि घरचे लोक पोलिसांकडे किंवा डॉक्टरकडे जाण्याआधी आपल्याकडे येतात. पुजाऱ्याकडे, फादरकडे, दर्ग्यातल्या मुजावराकडे. “पोरगं बायकी वागतंय, काही बाधा आहे का बघा.” “पोरगी केस कापून शर्ट घालते, एखादा तोडगा सांगा.” इथे तुमच्या तोंडून जे वाक्य जाईल ते त्या पोराच्या पाठीवर उमटेल.

अंगारा देऊ नका. दिलात तर बाधा आहे असं तुम्हीच कबूल केलंत. लग्न लावून द्या, हा सल्ला तर मुळीच नाही. त्यात दोन आयुष्यं जातात. मुलगा म्हणून जगू पाहणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे फार होतं: खोलीत कोंडतात, फोन काढून घेतात, महिन्याभरात हळद लावतात. भूत उतरवण्यासाठी मारणं, उपाशी ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं. डॉक्टरांनाही ‘बरं करण्याचे’ उपचार करता येत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना गैरवर्तन ठरवलं.

मग सांगायचं काय? आमचे पुजारी सत्तरीचे आहेत, शिक्षण सातवी. ते एवढंच म्हणतात: “देवीला चालतंय. तुम्हाला का चालंना?” आणि मग चहा मागवतात. तो चहा महत्त्वाचा, कारण आईबाप दहा मिनिटं बसतात, बाप हळूच विचारतो की लोक काय म्हणतील, आणि खरं दुखणं तिथे बाहेर येतं. त्यानंतर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, नंबर द्यायचा. मुलाशी एकट्याने बोलायची संधी मिळाली तर एकच विचारा: “घरी मारतात का?”

रोजचे दिवस

मार पडल्यावर धावून जाणं त्या मानाने सोपं. अवघड आहे ते एरवीचं.

आमच्याकडे गुरवारच्या महाप्रसादाला एक जोगती यायची. सेवेकरी तिला फार मान द्यायचे: आधी आशीर्वाद मागायचे, ओटी भरायचे, हातात केळं ठेवायचे. आणि पंगत बसली की द्रोण भरून बाहेर पारावर नेऊन द्यायचे. दोन वर्षं हे चाललं आणि सगळ्यांना वाटत होतं आपण तिला फार मानतो. देवीचं माणूस म्हणून पाया पडणं आणि मांडीला मांडी लावून जेवणं यांत अंतर आहे. अर्धनारीश्वर, मोहिनी, नेवाशाचा मोहिनीराज, हे सगळं आपल्याकडे आहेच. ते सांगून भाड्याने खोली मिळत नाही.

तर तपासा. रांग बायकांची आणि पुरुषांची वेगळी असेल तर ती कुठे उभी राहते? तिला जिथे वाटेल तिथे, आणि हे सेवेकऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सगळ्यांसमोर चौकशी करेल. शौचालयाला एक तरी स्वतंत्र, कडी नीट लागणारी खोली ठेवा. म्हाताऱ्यांनाही उपयोगी पडते. पंगतीत जागा मधली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं जातं का? दिंडीत मुक्कामाच्या तंबूत झोपायची जागा कुठे, हे आळंदी किंवा देहू सोडण्याआधी ठरवा, वाटेत पावसात नको. सेवेकऱ्यांच्या यादीत एखादं तृतीयपंथी नाव आहे का, चपलांच्या स्टँडवर, प्रसादाच्या काउंटरवर, पगारी? माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. गाव त्यांच्या हाती कारभार देऊ शकतं, तर आपण लाडवांचा काउंटर देऊ शकतो.

प्रवेशच नाकारायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर त्याला १९५६ चा महाराष्ट्राचा मंदिरप्रवेशाचा कायदा दाखवा. हिंदूंच्या कुठल्याही वर्गाला सार्वजनिक देवळात जाण्यापासून अडवता येत नाही. शनिशिंगणापूरच्या प्रकरणात २०१६ मध्ये उच्च न्यायालयात हाच कायदा पुढे आला होता.

कीर्तनाचं एक राहिलं. हमखास टाळ्या घेणारी जागा म्हणजे टाळी वाजवून, कंबर मुरडून केलेली नक्कल. शिखंडीचं नाव शिवी म्हणून. बुवांना बिदागी ठरवतानाच सांगा: हे आमच्या गादीवर नको. आम्ही सांगितलं तेव्हा एक बुवा रुसले, आले नाहीत. दुसरे आले आणि त्यांचं कीर्तन अर्धा तास आधी संपलं. त्यात नकलाच तेवढ्या होत्या म्हणायच्या.

आपापल्या धर्मात आधार शोधताना

बाहेरून आणलेली वाक्यं मंडळींना पटत नाहीत, म्हणून आधार घरचाच शोधावा. हिंदूंमध्ये किन्नर आखाडा २०१५ पासून आहे, उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात तो दिसला आणि २०१९ च्या प्रयागराज कुंभात जुना आखाड्याबरोबर स्नानाला उतरला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात सेवा देणाऱ्या संस्थांनी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात निदान एक तास या विषयाला द्यावा. रांग, शौचालय, हरवले-सापडले केंद्र, तिन्हीकडे प्रश्न येणारच.

कॅथलिक चर्चची भूमिका सरळ रेषेत नाही, आणि ती तशीच सांगावी. व्हॅटिकनने २०२३ च्या एका उत्तरात ट्रान्स व्यक्तींना बाप्तिस्मा घेता येतो असं म्हटलं, काही अटींवर धर्मपालक (गॉडफादर-गॉडमदर) होण्याचीही मुभा दिली. २०२४ च्या दस्तऐवजात मात्र लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला विरोध केला, पण अन्याय्य भेदभाव आणि हिंसा नको हेही बजावलं. म्हणजे वसईतल्या किंवा गोव्यातल्या फादरना शस्त्रक्रियेबद्दल काहीही वाटो, मार खाऊन आलेल्याला दार उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. २० नोव्हेंबरला जगभर हिंसेत मेलेल्या ट्रान्स लोकांची आठवण ठेवतात. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेली ही प्रथा अनेक चर्चमध्ये मेणबत्त्या लावून पाळतात. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना असतोच, त्यात एक प्रार्थना सहज बसते.

मुसलमान समाजात हा संबंध जुनाच आहे. मुंबईतल्या हिजड्यांच्या घराण्यांत जन्माने हिंदू असलेल्याही दर्ग्यात जातात, अजमेरचा उरूस चुकवत नाहीत. लाहोरच्या पन्नास मौलवींनी २०१६ मध्ये फतवा दिला, त्यात वारसा आणि रीतसर दफन या दोन्हींचा हक्क मान्य केला होता, आणि घरातून हाकलणाऱ्या आईबापांना दोष दिला होता. सगळे उलेमा ते मानतात असं नाही. पण गल्लीतल्या मशिदीच्या कमिटीत विषय काढायला एवढं पुरतं.

मयत झाली तर

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. शवागारातून देह ताब्यात देताना रक्ताचं नातं विचारतात. वीस वर्षं एका घरात राहिलेला चेला बाहेर बाकावर बसून राहतो, आणि वीस वर्षं तोंड न पाहिलेला भाऊ येऊन देह नेतो, किंवा येतच नाही. जिवंतपणीच साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसह लिहून ठेवायला सांगा: माझे अंत्यसंस्कार कुणी करायचे, कोणत्या पद्धतीने, कोणत्या कपड्यात. कायद्याच्या कसोटीवर तो कागद किती टिकेल ते वकील सांगतील, पण ठाण्यातल्या अंमलदारापुढे ठेवायला काहीतरी असतं. दफन की दहन हे जन्माच्या धर्मावरून ठरवू नका. गुसल (मयताची अंघोळ) कोण देणार, तिरडीला खांदा कोण देणार, हे त्यांच्या घरच्यांना, म्हणजे गुरू-चेल्यांना, विचारा. रात्री गुपचूप नेतात, चपलांनी मारत नेतात ही गावभर फिरणारी थाप आहे; समाजातले लोक ती साफ नाकारतात. तुमच्या स्मशान कमिटीत कुणी तसं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा.

दारामागची यादी

आमच्या कोठीघराच्या दारावर आतल्या बाजूला एक पुठ्ठा टांगलाय. ११२, १५१००, १०९८, १४४१६. ठाण्याचा नंबर. जवळच्या धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकाचा. एका वकील बाईंचा. बाजारात येणाऱ्यांच्या गुरूंचा. रात्री गाडी काढणाऱ्या दोन रिक्षावाल्यांचे. खाली सुतळीने बांधलेली पेन्सिल आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा. दर पौर्णिमेला कोठी आवरताना सगळे नंबर एकदा लावून बघायचे असं ठरलंय. गेल्या पौर्णिमेला रिक्षावाल्यांपैकी एकाचा बंद लागला, तर पुजाऱ्यांनी आपल्या पुतण्याचा लिहिला.